पाण्यावरचं दार

मी शालीकला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर दार होतं. छत्री नव्हे, धानाचा भारा नव्हे... दार! चांगलं सागाचं, कडी-कोयंड्यासकट, आणि त्यावर कुणा बाईच्या हळदीच्या हातांचे पिवळे ठसे.

श्रावणातली दुपार होती. सगळं गाव रोवणीच्या चिखलात वाकलेलं, आणि मी तलावाच्या पाळीवर रिकामी घागर घेऊन बसलेली. कुणीतरी बाई येईल, घागर भरून देईल, याची वाट पाहत. पाणी हाताच्या अंतरावर होतं, पण मला त्यात पाय टाकायला बंदी होती. ज्या घरचा माणूस तलावानं नेला, त्या घरची बाई तलावात उतरली तर पाणी पुन्हा त्याच घराकडे येतं, असं आमच्या गावात मानत. माझा नवरा गोवर्धन मागच्या आश्विनात इथंच बुडाला. तेव्हापासून मला रोवणीलाही कोणी बोलवत नव्हतं. बुडालेल्याच्या बायकोच्या हातचं रोप सडतं म्हणे. मी विशीतली, हातापायांनी धडधाकट, आणि दिवसभर घागरीशी बोलत बसायची.

"व बाई, बाजूले सरक न जराशी. दार पान्यात टाकून राहिलो," तो म्हणाला.

"दार पान्यात कायले टाकतं गा? घर जळून राहिलं का तुयं?"

तो हसला. उन्हानं रापलेला चेहरा, वरच्या ओठावर कोवळी मिशी, आणि खाली ठेवता येत नाही असं ओझं डोक्यावर... तरी हसला.

"घरात कोनी नाई. मा मेली उन्हाळ्यात, मी तिकडं परमुलखात होतो. आता त्या घरात शिरून चोरालेच लाज वाटंल. दाराचं काम का?"

एवढं बोलून त्यानं दार पाण्यात लोटलं, त्यावर पालथा पडला आणि हातांनी पाणी मागं सारत आत गेला. पश्चिमेचा वारा सुटला होता. आमचा तलाव मोठा. वारा असला की मधूनच लाटा उठायच्या आणि पाळीवर येऊन आपटायच्या. एक मोठी लाट पाहून तो वळला, गुडघ्यांवर आला, मग... उभा राहिला! दारावर माणूस उभा, आणि दार लाटेवरून माझ्याकडे धावत आलेलं. क्षणभर मला वाटलं, हा आता पाळ चढून थेट गावात जाईल. मग दार एकीकडे, तो एकीकडे, आणि नाकातोंडात पाणी.

मी खदाखदा हसले. हसल्यावर माझी मीच दचकले. आश्विनापासून माझा हसण्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

तो ओलाचिंब वर आला. माझी रिकामी घागर पाहिली, काही न विचारता भरून आणली.

"तू काऊन नाई भरत?"

"मले मनाई हाये."

"कोनाची?"

"पान्याची."

"पान्यानं सांगतलं तुले?"

"गावानं सांगतलं."

"मंग गावाची मनाई म्हन न. पान्याले कायले बदनाम करतं?"

मला राग आला. घागर उचलून मी तरातरा निघाले, पण वळणावर मागं पाहिलंच. तो दार उलटं करून त्यावरचं शेवाळ पुसत होता, आणि हळदीचे ठसे तेवढे जपून वगळत होता.

शालीकराम आमच्याच जातीचा, पलीकडच्या टोलीवरचा. लहानपणीच गाव सोडून रेल्वेत खलाशी झाला होता, दूर पुरीच्या बाजूला. आईचं राहिलेलं क्रियाकर्म उरकायला सुट्टी घेऊन आलेला. समुद्राकाठी नुलिया नावाचे कोळी असतात, ते लाकडाच्या फळीवर लाटांवरून येतात, ते पाहून हा तिथं शिकला. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, घागर भरताना. आणि तिसऱ्या दिवशी. मग मी घागर लहान घेऊन जायला लागले, म्हणजे पाणी लवकर संपेल आणि पुन्हा यावं लागेल!

"समुद्र केवढा असते गा?"

"तुया तलावाले पलीकडं काठ हाये. त्याले नाई."

"मंग लोक कुठं पाहतेत?"

"एकमेकाकडं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी घागरीकडे पाहिलं. घागर बिचारी काय बोलणार?

पण हसू ओसरलं की घरी जावं लागायचं, आणि घरात मरण बसलेलं होतं.

माझे सासरे बकाराम गावचे पाणकर. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती जायचं ते आमचं घर ठरवायचं, पिढ्यान् पिढ्या. त्याबदल्यात राहतं घर आणि धानाच्या जमिनीचा तुकडा. पाळीजवळ पाण्यात दगडी बांधणीचं तुडुम आहे; त्याच्या तळाशी भोक, भोकात लाकडाचा खुंटा. पाऊस दगा देतो त्या साली पाणकरानं बुडी मारायची, खुंटा उपसायचा, की पाणी पाळीखालून पाटात येतं. खुंटा म्हणजे आमच्यासाठी देव. त्याला तळातला गाळ लागू नये म्हणून उतरण्याआधी त्याच्या दोराचं पाळीवर ठेवलेलं टोक पाणकर आपल्या कमरेला बांधतो. गोवर्धननंही बांधला होता. खुंटा सुटला, भोकानं पाणी ओढलं, पाण्यानं खुंटा ओढला, आणि खुंट्यानं त्याला. गावाला पाणी मिळालं. गोवर्धन दुसऱ्या दिवशी मिळाला.

आता घरात पुरुष म्हणजे सासरे. दम्यानं अर्धे झालेले. गावाचे धनी भैयाजी मालगुजारांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या घरचं मानूस उतरलं नाई तं पाणकरकी दुसऱ्याले देईन. गावाचा धान वाळू देऊ का?" पाणकरकी गेली की घर गेलं, तुकडा गेला. सासरे म्हणायचे, "मी उतरीन." खोकत खोकत म्हणायचे. ते वर येणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, सासूला माहीत होतं, मला माहीत होतं. आम्ही तिघं मिळून आश्विनाची वाट पाहत भात खायचो.

एके दिवशी मी घागर बाजूला ठेवली.

"शालीक, मले शिकव."

"दारावर उभी व्हायले?" त्याचे डोळे चमकले.

"पान्यात जायले. खाली. तळाले."

त्याचं हसू गेलं. त्याला कुणाकडून तरी सगळं कळलेलं होतं. त्यानं दार काठाशी ओढून आणलं आणि म्हणाला, "तळाचं शेवटी. आधी वरचं. पान्याचं भेव वरूनच जाते."

आणि मी उतरले. पाय टाकला तेव्हा वाटलं, आता खालून कुणीतरी धरणार... पण पाणी नुसतं कोमट होतं. लाज वाटावी इतकं साधं पाणी.

लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि दारावर पालथी पडले. दार एका बाजूला कललं, मी दुसऱ्या बाजूनं पाण्यात. पुन्हा चढले, पुन्हा पडले. नाकात पाणी गेलं, डोळे लाल झाले, आणि तो शहाणा काठावर उभा राहून पोट धरून हसत होता.

"कडी धर, कडी! दाराले कडी कायले असते?"

"आतून लावून घ्यायले. तुयासारख्याले बाहेर ठेवायले!"

"मी तं बाहेरच हावो व बाई... कधीचा."

ते त्यानं हळू म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं, आणि पुन्हा पडले.

रोवणी संपेपर्यंत दुपारचा तलाव आमचा होता. तो दाराच्या मागं पोहायचा, लाट आली की "आता!" म्हणून ढकलायचा. माझ्या अंगाला त्याचा हात लागला नाही. तो दारालाच धरायचा, आणि तेवढ्या जपणुकीनंच माझा जीव कासावीस व्हायचा. त्यानं मला पालथं राहायला शिकवलं, गुडघ्यांवर यायला, मग एक पाय पुढं टाकायला. आणि बुडी मारायला. श्वास कसा साठवायचा, कान दुखले तर काय करायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पाण्यानं ओढलं तर काय करायचं ते.

"समुद्र परत जातानी पाय ओढते. जो सामने भांडला, तो गेला. भांडू नको. आडवी निघ. ओढ पुढून असली का तू बाजूनं सटक. समजलं?"

"सासूशी भांडतानी बी असंच करते मी."

"मंग तुले सगरं येते," तो म्हणाला.

आणि एक दिवस मी उभी राहिले. लाट मागून आली, दार उचललं गेलं, मी गुडघ्यांवरून उठले आणि... पाय हलले नाहीत. वारा तोंडावर, पाळ माझ्याकडे धावत येणारी, मागून त्याची आरोळी, "उभी राय! उभी राय धुरपता!" पहिल्यांदा त्यानं माझं नाव घेतलं. मी वाळूपर्यंत उभी आले. मागं वळून पाहिलं तर तो छातीभर पाण्यात उभा, दार ढकललेले हात अजून पुढंच. त्याच घडीला मला कळलं की हा माणूस मला हवा आहे. गोल गोल बोलण्यात काय अर्थ? हवा होता.

पुढं पाहिलं, तर पाळीवर माझी सासू रुख्मा उभी होती.

मला वाटलं, आता केस धरून नेईल. ती खाली आली, ओल्या वाळूत बसली.

"बुडी मारता येते का व?" तिनं विचारलं.

"येते आत्या. थोडीशी."

"त्या बुढ्याले वाचवशील?"

मी मान हलवली. तिनं शालीककडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती आंधळी नव्हती.

"पानी सुटलं, आन बुढा वाचला, तं तुया पाट मी याच्यासंगं लावून देईन. माया तोंडानं सांगते."

विधवेचा पाट आमच्याकडे लागतो, पण अंधारात, सवाष्णींनी तोंड फिरवलेलं असताना. मला त्याचंही काही वाटलं नाही. त्या दिवसापासून शालीक पुरीच्या गोष्टी 'आपण' म्हणून सांगायला लागला. आपण देवळात जाऊ, आपण वाळूत बसू. मी म्हणायचे, "आधी दार तं बसव घराले," आणि तो म्हणायचा, "तिकडं कंपनीची खोली हाये, दारासकट."

भाद्रपदात साहेबांच्या मुलखात लढाई पेटली. रेल्वेनं सुट्टीवरच्या सगळ्या माणसांना परत बोलावलं. शालीकला दसऱ्याच्या आत निघायचं होतं. आणि हस्त नक्षत्र कोरडं गेलं. धान ऐन गर्भात, बांध्यांना भेगा, आभाळ धुतल्यासारखं निळं. केशोरीच्या बाजारात लोक एकमेकांचे भाव विचारायचे सोडून आभाळाचे विचारत होते. भैयाजींचा निरोप आला, "उद्या तुडुम खोला."

सकाळी सगळं गाव पाळीवर जमलं. बायका, पोरं, नारळ, गुलाल. पोळ्याला बैल धुवायला जमतात तशी गर्दी. सासऱ्यांनी धोतर खोचलं, खुंट्याचा दोर कमरेला गुंडाळायला घेतला, आणि खोकल्यानं खालीच बसले.

मी पुढं झाले, त्यांच्या हातातून दोर घेतला.

"मामाजी, तुमी बसा. मी उतरते."

गलका झाला. बाई? खुंट्याला? आणि हीच बाई? भैयाजी ओरडले, "तलाव नासवतं का व?" कुणीतरी गाळाचा गोळा फेकला, माझ्या पाठीला लागला. रुख्मा गर्दी सारून आली. एवढीशी म्हातारी, पण आवाज असा की बगळे उडाले.

"घरचं मानूस पायजे म्हनलं न तुमी? हे माया घरचं मानूस हाये. दुसरं नाई उरलं. उतरू द्या, नाई तं कोनी दुसरा मर्द असंल तं त्यानं पुढं व्हा."

कोणी झालं नाही. शालीक झाला. दोन पावलं पुढं आला, आणि मी मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्या घरचा हात तुडुमाला लागला असता तर पाणकरकी त्याच क्षणी गेली असती. तो जागच्या जागी थांबला. एक पाय पाण्यात, एक काठावर. बुडणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याचे हाल जास्त असतात, हे मी त्याच्याकडे पाहून शिकले.

दार मी पाण्यात लोटलं. तुडुमापाशी गेले. आणि खुंट्याचा दोर कमरेला न बांधता दाराच्या कडीला बांधला.

"देवाले दाराले बांधते!" काठावरून कुणी बाई किंचाळली.

मी श्वास घेतला आणि खाली गेले. पहिल्या बुडीत खुंटा नुसता हाताला लागला, बुळबुळीत, थंड. गोवर्धनचा हात इथंच लागला असेल, असं मनात आलं आणि छातीतला सगळा श्वास निघून गेला. वर आले, दाराला लटकले, रडले की काय ते पाण्यात कळलं नाही. दुसऱ्या बुडीत दोन्ही पाय दगडाला लावून ओढला. हलला. पुन्हा ओढला... आणि सुटला.

तलावानं तोंड उघडल्यासारखं झालं. पाण्यानं मला कमरेला धरून भोकाकडे खेचलं. सामने भांडावं असं अंगातलं हाड न् हाड सांगत होतं. मी भांडले नाही. आडवी झाले, पायानं दगड झिडकारला, बाजूला सटकले. डोक्यावरून दोर ताठ होताना दिसला, आणि वर दार उभं राहून कडाडकन तुडुमावर आपटलं. त्या जागी माझी कंबर असती.

वर आले तेव्हा पाळीपलीकडून आरोळी उठली, "पानी! पानी आलं!" दाराच्या दोन फळ्या झाल्या होत्या. हळदीचे हात वेगवेगळे वाहत होते. शालीक कमरभर पाण्यात धावत आला, मला धरलं आणि सगळ्या गावासमोर ओक्साबोक्शी रडला.

मग जे झालं ते मी कधी मागितलं नव्हतं. ज्या बायका माझ्या हातचं रोप सडतं म्हणायच्या, त्या माझ्या पायावर पाणी घालू लागल्या. भैयाजींनी नारळ दिला. "आजपासून पाणकरकी धुरपतेची. जोवर ही या घरात हाये तोवर घर अन् तुकडा तुमचा."

जोवर ही या घरात आहे. मी ते ऐकलं, पण त्या आनंदात मला त्याचा अर्थ लागला नाही. सासूला लागला.

घरी आल्यावर ती चुलीपाशी गेली नाही. माझ्यासमोर बसली, आणि एकाएकी माझे पाय धरले.

"मी बोलली होती, बाई. देवाले साक्षी ठेवून बोलली होती. पन तू गेली तं आमी दोघं कुठं जाऊ? आमाले रस्त्यावर नको टाकू."

आतल्या खोलीत सासरे खोकत होते. खोकला आज मुद्दाम दाबत होते, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला सासूचा संताप आला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवावा लागला, कारण ती उठेचना.

दोन दिवसांनी शालीक निघाला. पाटाच्या काठानं छोट्या गाडीच्या स्टेशनाकडे जाणारी वाट आहे, तिथं मी उभी होते. पाण्याचा आवाज येत होता. त्याच्या खांद्यावर एक गाठोडं, बस्स.

"चाल," तो म्हणाला.

"तू मले पायजे, शालीक. गोवर्धन बी एवढा नव्हता आवडला. पाप लागंल तं लागो, पन खरं हाये."

"मंग चाल न!"

"माया मागं दोघं मरतीन."

"मी रायतो इथं. नोकरी गेली चुलीत."

"राहून का करशील? पाट लागला का मी त्या घरची नाई. त्या घरची नाई तं पाणकरीन नाई. अन् पाट न लावता तू त्या टोलीवर, मी इकडं... रोज दुरून पाहत रायचं का? मले नाई जमनार. एक दिवस मी उठून येईन तुया घरी."

"ये न मंग."

"म्हनूनच म्हनते... जा."

त्यानं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "मीच शिकवलं तुले."

"हव."

"नसतं शिकवलं तं..."

"तं बुढा मेला असता, घर गेलं असतं, अन् मी तुयासंगं आली असती," मी म्हणाले. "मले बी हिशोब येते गा."

त्यानं हात पुढं केला. भर दुपारी, रस्त्यावर. मी तो धरला. बांध्यांतून लोक पाहत होते; पाहू देत. त्याचा तळवा खरबरीत होता, आणि इतक्या दिवसांत तो माझ्या हातात पहिल्यांदाच आला होता. मग त्यानंच सोडला. वळणापर्यंत तो दिसला. वळणावर थांबला, पण मागं पाहिलं नाही, आणि ते बरं केलं. पाहिलं असतं तर मी गेले असते.

"पाणकरीनबाई!" खालच्या बांधीतून एक बाई हाका मारत होती. पाळीवर जिनं मला देवाला दाराला बांधते म्हटलं, तीच. "व पाणकरीनबाई, माया बांधीत पानी नाई आलं न!"

मी डोळे पुसले, फावडं उचललं आणि गेले. पाटाचं तोंड फोडून तिच्या बांधीत पाणी वळवलं. भेगांत पाणी शिरताना चर्र आवाज झाला. ती हात जोडून उभी होती.

त्या साली धान चांगला झाला. गावात कोणी उपाशी राहिलं नाही, असं सगळे अजून सांगतात. मला कोणी विचारलं नाही.